जुन्या कार्यप्रणालींवर युनिकोडची योजना : ‘डब्ल्यूएक्सविजेट्स’ या लायब्ररीचा दाखला आणि देवनागरी मजकुराचा प्रश्न

एखादा प्रोग्राम यंत्रावर चालतो ही एक गोष्ट आणि त्या प्रोग्रामात घातलेला मजकूर जसाच्या तसा परत मिळतो ही दुसरी गोष्ट. या दोहोंतील अंतर रोमन लिपीत लिहिणाऱ्यास सहसा जाणवत नाही. देवनागरीत लिहिणाऱ्यास मात्र ते जाणून घेतल्यावाचून गत्यंतर नाही, कारण त्याच्या बाबतीत प्रोग्राम सुरळीत चालू असतानाच मजकूर नाहीसा होण्याचा प्रसंग येतो, आणि तोही कोणतीही सूचना न मिळता. प्रस्तुत लेखात या प्रसंगाची मीमांसा एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे करावयाची आहे. ते उदाहरण म्हणजे निरनिराळ्या कार्यप्रणालींवर एकाच मूळ लेखनातून प्रोग्राम बांधण्यासाठी वापरली जाणारी ‘डब्ल्यूएक्सविजेट्स’ ही सी++ भाषेतील लायब्ररी आणि तिची विंडोज ९५, ९८ व मी या जुन्या प्रणालींसाठी करावी लागणारी युनिकोडची जुळणी.

हा विषय आज उकरून काढण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. यांपैकी विंडोज ९८ व मी यांना मिळणारा निर्मात्याचा आधार ११ जुलै २००६ रोजी संपला, आणि विंडोज ९५ चा त्याआधीच, हे खरे. तथापि शब्दसंग्रह, लोकसाहित्याची संकलने, भाषिक पाहणीच्या नोंदी अशी पुष्कळ सामग्री त्या काळातील यंत्रांवर तयार झाली, आणि ती उघडणारे प्रोग्राम कित्येकदा केवळ मूळ लेखनाच्या रूपात शिल्लक असतात. कधी जुन्या यंत्राला एखादे मापनयंत्र जोडलेले असते, कधी एखादे डोंगल त्याच यंत्रावर चालते, तर कधी आभासी यंत्रात ती जुनी प्रणाली मुद्दाम पुन्हा उभी करावी लागते. अशा वेळी संशोधकाला प्रोग्राम पुन्हा बांधावा लागतो, आणि बांधणीच्या पहिल्याच पायरीवर त्याच्यापुढे प्रश्न येतो : युनिकोडचा खटका चालू ठेवावा की बंद? या प्रश्नाचे उत्तर वरवर दिसते तितके सोपे नाही.

आरंभी थोडी पूर्वपीठिका. यंत्राच्या स्मृतीत अक्षरे नसतात, क्रमांक असतात. कोणता क्रमांक कोणत्या वर्णाचा, हा केवळ संकेत होय. युनिकोडच्या संकेतात देवनागरीला २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक दिलेले आहेत. या विभागाची मांडणी भारतीय ‘इस्की’ संकेताच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. ‘म’ या वर्णाचा क्रमांक २३५०. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच क्रमांक मावतात, तेव्हा २३५० ला अधिक जागा हवी हे उघड आहे. ती जागा कशी द्यावयाची याच्या दोन मुख्य रीती रूढ आहेत. यूटीएफ-१६ या रीतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण दोन बाइट घेतो. यूटीएफ-८ या रीतीत तीन घेतो, आणि ‘म’ च्या बाबतीत ते तीन बाइट २२४, १६४ व १७४ असे असतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी असे पाच क्रमांक आहेत. अर्थात तोच शब्द एका रीतीत दहा बाइटांचा व दुसऱ्या रीतीत पंधरा बाइटांचा होतो, वाचणाऱ्याच्या डोळ्यांना मात्र तो तीन अक्षरांचा दिसतो. ‘लांबी’ या साध्या शब्दाचे असे तीन अर्थ झाल्यामुळे जुन्या प्रोग्रामांतील किती तरी गणिते चुकतात. कारण एक वर्ण म्हणजे एक बाइट, हे त्या प्रोग्रामांच्या कर्त्यांनी न बोलता गृहीत धरलेले असते.

आता विंडोजकडे वळू. या एकाच नावाखाली दोन भिन्न घराणी नांदत होती. १९९३ साली आलेले विंडोज एनटी हे घराणे जन्मापासूनच अंतर्यामी युनिकोडचे. विंडोज २००० व त्यानंतरच्या प्रणाली याच वंशातील होत. विंडोज ९५, ९८ व मी हे दुसरे घराणे. ते एकेका बाइटच्या आणि ‘कोड पेज’ नामक कोष्टकांच्या पायावर उभे होते. कोड पेज म्हणजे २५६ घरांचा एक तक्ता. पश्चिम युरोपसाठी १२५२ क्रमांकाचे, मध्य युरोपसाठी १२५०, सिरिलिक लिपीसाठी १२५१, याप्रमाणे प्रत्येक भाषासमूहाला एक तक्ता होता, आणि एका यंत्रावर एका वेळी त्यांपैकी एकच प्रभावी असे. चिनी, जपानी व कोरियन यांसाठी दोन बाइटांची योजना केलेली होती.

दोन्ही घराण्यांत कार्यप्रणालीचे बहुतेक आदेश जोडीने आढळतात. उदाहरणार्थ, खिडकी निर्माण करणाऱ्या आदेशाचे एक रूप ‘ए’ प्रत्ययाचे, बाइटांचा मजकूर घेणारे. दुसरे ‘डब्ल्यू’ प्रत्ययाचे, युनिकोडचा मजकूर घेणारे. एनटी घराण्यात दोन्ही रूपे चालतात. ९५-९८ च्या घराण्यात मात्र ‘डब्ल्यू’ रूपे नावापुरतीच आहेत. ती बोलावली असता काम न करता परत येतात, आणि ‘हा आदेश येथे अंमलात नाही’ अशा अर्थाचा १२० हा दोषक्रमांक ठेवून जातात. याला अपवाद थोडे : मजकूर रेखाटणारे टेक्स्टआउट व एक्स्टटेक्स्टआउट, त्याची रुंदी मोजणारे एक-दोन आदेश, संदेशपेटी दाखविणारा आदेश, आणि कोड पेज व युनिकोड यांत रूपांतर करणारे आदेश. या अपवादांपैकी रेखाटण्याच्या आदेशांचे महत्त्व पुढे येणार आहे, म्हणून ते वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या सर्व व्यवस्थेत मराठीचे स्थान कोठे होते? कोठेही नव्हते, असेच उत्तर द्यावे लागते. देवनागरीसाठी प्रभावी होऊ शकेल असे कोड पेज विंडोजमध्ये कधीही नव्हते. हिंदी, मराठी, कोंकणी व संस्कृत या भाषा विंडोज २००० मध्ये प्रथम आल्या त्या केवळ युनिकोडच्या मार्गाने. त्यांच्यापुढे कोड पेजच्या रकान्यात शून्य लिहिलेले आहे. इस्कीसाठी ५७००२ असा एक क्रमांक आढळतो खरा, पण तो रूपांतरापुरता उपयोगी. यंत्राचे प्रभावी कोड पेज म्हणून तो निवडता येत नाही. मग १९९८ साली कार्यालयांतून मराठी कशी टंकली जात होती? तर फॉन्टच्या युक्तीने. रोमन वर्णांच्या घरांत देवनागरी अक्षरांची चित्रे बसविलेला फॉन्ट वापरावयाचा, म्हणजे यंत्र समजते की आपण इंग्रजी व फ्रेंच वर्ण साठवीत आहोत, आणि पडद्यावर मात्र मराठी उमटते. प्रत्येक फॉन्टनिर्मात्याची घरे वेगळी असल्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येत नसे. ही युक्ती सदोष होती हे सर्वमान्य आहे, पण तिचा एक गुण नाकारता येत नाही : जुन्या यंत्राच्या बाइटनिष्ठ स्वभावाशी तिचा विरोध नव्हता, म्हणून ती चालली.

डब्ल्यूएक्सविजेट्सचा आरंभ १९९२ साली एडिंबरो विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांच्या हातून झाला. नावातील ‘डब्ल्यू’ विंडोजचा आणि ‘एक्स’ हा युनिक्सवरील एक्स विंडो या चित्रप्रणालीचा. २००४ पर्यंत तिचे नाव ‘डब्ल्यूएक्सविंडोज’ असे होते. ‘विंडोज’ या व्यापारचिन्हावरून मायक्रोसॉफ्टने केलेल्या विनंतीनंतर ते बदलण्यात आले. प्रोग्राम एकदाच लिहावा आणि तो विंडोज, लिनक्स व मॅकिंटॉश यांवर त्या त्या प्रणालीच्या स्वतःच्या खिडक्या व पेट्या वापरून चालावा, हे तिचे ध्येय आहे. यातील ‘त्या त्या प्रणालीच्या स्वतःच्या’ हे शब्द आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीचे होत. लायब्ररी मजकुराची पेटी स्वतः रंगवीत नाही, ती प्रणालीकडून मागून घेते. तेव्हा प्रणालीला जे वर्ण ठाऊक नाहीत, ते लायब्ररीने कितीही जिवापाड जपले तरी पेटीत शिरताक्षणी संकटात सापडतात.

२.८ या शाखेपर्यंत (तिची पहिली आवृत्ती डिसेंबर २००६ ची) लायब्ररीच्या दोन स्वतंत्र बांधण्या होत असत. एक ‘अँसी’ बांधणी, जिच्यात मजकूर साठविणारा डब्ल्यूएक्सस्ट्रिंग हा प्रकार बाइटांचा असे. दुसरी युनिकोड बांधणी, जिच्यात तोच प्रकार रुंद वर्णांचा असे. रुंद वर्ण विंडोजवर सोळा बिटांचा व लिनक्सवर बत्तीस बिटांचा असतो. देवनागरीचे वर सांगितलेले सर्व क्रमांक सोळा बिटांत बसत असल्याने हा भेद आपल्याला सहसा बाधत नाही. कोणती बांधणी हवी हे ‘डब्ल्यूएक्स-यूज-युनिकोड’ या खटक्याने ठरते. त्याचे मूल्य १ किंवा ० असते, आणि ते लायब्ररी बांधतानाच ठरवावे लागते, प्रोग्राम चालताना नव्हे. युनिक्सवर ‘कॉन्फिगर’ या आज्ञेला ‘एनेबल-युनिकोड’ हा पर्याय देऊन, आणि विंडोजवर मेकफाइलला ‘युनिकोड=१’ असे सांगून हे काम होते.

नवशिक्यांची पहिली फसगत येथे होते. लायब्ररी एका प्रकारची आणि प्रोग्राम दुसऱ्या प्रकारचा असे झाल्यास लिंकर शेकडो नावे सापडत नसल्याची तक्रार करतो. ही तक्रार भयंकर दिसते, पण ती उपकारकच समजावी, कारण दोष निदान उघड होतो. युनिकोड बांधणीच्या फाइलींच्या नावांत आवृत्तीच्या अंकांपुढे ‘यू’ हे अक्षर असते, तेवढे पाहिले तरी बहुतेक वेळा उलगडा होतो. दुसरी फसगत सूक्ष्म आहे. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ‘युनिकोड’ या नावाच्या दोन खुणा आहेत : एक साधी, जी कार्यप्रणालीच्या आदेशांचे रूप निवडते, दुसरी आरंभी अधोरेषा असलेली, जी सी भाषेच्या प्रमाण फलनांचे रूप निवडते. दोहोंपैकी एकच दिली तर अर्धा प्रोग्राम रुंद वर्णांनी बोलतो व अर्धा बाइटांनी. तिसरी अडचण मूळ लेखनाची. अवतरणचिन्हांतील प्रत्येक शब्द ‘डब्ल्यूएक्सटी’ या आवरणात घालावा लागतो, म्हणजे तो बांधणीप्रमाणे रुंद किंवा अरुंद होतो. हे कष्टाचे पण बिनधोक काम आहे. मात्र अवतरणचिन्हांत मराठी शब्द लिहिण्याचा मोह टाळावा. १९९८ सालचा व्हिज्युअल सी++ चा सहावा कंपायलर मूळ लेखन यंत्राच्या कोड पेजप्रमाणे वाचतो, आणि त्या कोड पेजात मराठी नाही हे आपण पाहिलेच. मूळ लेखनात इंग्रजी शब्द ठेवून त्यांची मराठी रूपे यूटीएफ-८ मध्ये लिहिलेल्या वेगळ्या भाषांतर-सूचीत ठेवावी, हा मार्ग उत्तम. लायब्ररीत त्याची सोय आहे.

युनिकोड बांधणी एनटी घराण्यावर सरळ चालते. तिला ९८ वर नेले की ‘डब्ल्यू’ आदेशांच्या पोकळपणामुळे ती आरंभालाच कोसळते. यावर तोड म्हणून मायक्रोसॉफ्टने २००१ साली ‘मायक्रोसॉफ्ट लेयर फॉर युनिकोड’ हा थर प्रसिद्ध केला. त्याची फाइल ‘युनिकाउज.डीएलएल’ या नावाची आहे. तयार होत असताना त्याचे गुप्त नाव ‘गोदो’ होते. बेकेटच्या नाटकातील गोदोची वाट पाहूनही तो येत नाही. हा गोदो मात्र आला, पण विंडोज ९५ नंतर सहा वर्षांनी, जेव्हा त्या घराण्याचे आयुष्यच सरत आले होते. त्याची रचना चतुर आहे. प्रोग्रामला जोडलेला एक लहान तुकडा आधी पाहतो की आपण कोणत्या घराण्यावर आहोत. एनटीवर असल्यास तो कार्यप्रणालीचा खरा आदेश बोलावतो आणि स्वतः बाजूला होतो. ९८ वर असल्यास तो युनिकाउज फाइल उघडतो. ती फाइल रुंद मजकूर यंत्राच्या कोड पेजात रूपांतरित करते, ‘ए’ रूपाचा आदेश बोलावते, आणि परत आलेला मजकूर पुन्हा रुंद करून देते. अशा रीतीने एकच प्रोग्राम दोन्ही घराण्यांवर चालतो.

डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये हा थर जोडण्यासाठी ‘युनिकोड=१’ च्या जोडीला ‘एमएसएलयू=१’ असे सांगावे लागते; युनिकोड बंद असता या दुसऱ्या खटक्याला काही अर्थ उरत नाही. जोडणीत क्रमाचे भान हवे. युनिकाउजची लिब फाइल ‘कर्नेल३२’ आदी प्रणालीच्या लिब फाइलींच्या आधी आली पाहिजे, नाही तर लिंकर पोकळ आदेशच उचलतो आणि प्रोग्राम बिनतक्रार बांधला जाऊन ९८ वर निष्प्राण ठरतो. डीएलएल फाइल प्रोग्रामसोबत द्यावी लागते. आणखी एक छिद्र आहे, ते थराच्या कर्त्यांनी बुजविले नाही, लायब्ररीच्या कर्त्यांना बुजवावे लागले. थर झाकतो ते कार्यप्रणालीचे आदेश. फाइल उघडणे, नाव बदलणे, पुसणे, कप्पा तयार करणे ही कामे करणारी सी भाषेची रुंद फलने वेगळ्या डीएलएलमधून थेट प्रणालीकडे जातात. त्यांच्या वाटेत हा थर येतच नाही. म्हणून लायब्ररीने त्यांच्यासाठी स्वतःची पर्यायी फलने पुरविली. प्रोग्रामकर्त्याने लायब्ररीची फाइल-फलने सोडून सी ची फलने परस्पर वापरली, तर हे छिद्र पुन्हा उघडते.

एवढे सर्व यथासांग केले की प्रोग्राम ९८ वर चालू लागतो. खिडक्या उघडतात, इंग्रजी मजकूर येतो-जातो, आणि बांधणारा समाधानाने उठतो. लेखाच्या आरंभी सांगितलेले अंतर नेमके येथे आहे. वारसा येथील पोलिश विंडोज ९८ वर पोलिश मजकुराचे काय होते पाहा : रुंद मजकूर १२५० च्या तक्त्यात उतरतो, प्रत्येक पोलिश वर्णाला तेथे घर आहे, परत येताना तो जसाच्या तसा येतो. आता पुण्यातील एखाद्या यंत्रावर, जेथे १२५२ प्रभावी आहे, ‘मराठी’ हा शब्द पेटीत घालू. म हा २३५०, त्याला तक्त्यात घर नाही. रूपांतर करणारा आदेश त्याच्या जागी ठरीव वर्ण ठेवतो, तो म्हणजे ६३ क्रमांकाचे प्रश्नचिन्ह. र चे तेच, कान्याचे तेच. पेटीत ‘?????’ एवढेच जाते. वापरणाऱ्याने काहीही न बदलता ‘जतन करा’ ही कळ दाबली की प्रोग्राम पेटीतील मजकूर परत मागतो, थर इमानाने पाच प्रश्नचिन्हे रुंद करून देतो, आणि तीच फाइलीत लिहिली जातात. मूळ शब्द गेला. पाच प्रश्नचिन्हांवरून ‘मराठी’ हा शब्द कोणत्याही युक्तीने परत मिळविता येत नाही. चुकीच्या कोड पेजाने वाचल्यामुळे दिसणारा गबाळ मजकूर परत सुधारता येतो, हा नाही. या दोन दोषांतला भेद विद्यार्थ्यांनी पक्का ध्यानी घ्यावा. पहिल्यात बाइट शाबूत असतात व अर्थ चुकलेला असतो. दुसऱ्यात बाइटच बदललेले असतात.

फाइलींच्या नावांत या प्रकाराला एक विचित्र वळण मिळते. विंडोजमध्ये प्रश्नचिन्ह हे फाइलीच्या नावात निषिद्ध आहे, म्हणून ‘मराठी’ नावाची फाइल तयार करू जाता आदेश अपयशी होतो व दोष उघड होतो, हे बरेच म्हणावयाचे. परंतु शोध घेणाऱ्या आदेशात प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘येथे कोणतेही अक्षर चालेल’ असा असतो. तेव्हा ‘मराठी’ नावाची फाइल शोधावयास सांगितली असता पाच अक्षरांच्या भलत्याच इंग्रजी नावाची फाइल सापडल्याचे उत्तर येऊ शकते. प्रोग्राम त्या उत्तरावर विश्वासून पुढे गेला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी.

लायब्ररीची स्वतःची रूपांतरे याहून कडक आहेत, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते योग्यच आहे. डब्ल्यूएक्सविजेट्सचे रूपांतरक एखाद्या वर्णाला घर मिळाले नाही तर प्रश्नचिन्ह ठेवीत नाहीत, संपूर्ण रूपांतर अपयशी झाल्याचे कळवितात. दुर्दैव असे की हे कळविणे बहुधा रिकाम्या मजकुराच्या रूपाने होते, आणि घाईत लिहिलेला प्रोग्राम ‘रिकामा मजकूर’ व ‘अपयश’ यांत भेद करीत नाही. याचा सर्वांत घातक प्रयोग अँसी बांधणीत घडतो. यूटीएफ-८ मधील मराठी फाइल अशा प्रोग्रामने उघडली की यूटीएफ-८ वरून रुंद वर्णांपर्यंत प्रवास नीट होतो, तेथून स्थानिक कोड पेजापर्यंतचा फसतो, आणि वापरणाऱ्यापुढे कोरी फाइल येते. ‘यात काहीच नाही’ असे समजून त्याने दोन ओळी लिहिल्या व जतन केल्या, की मूळ फाइल संपली.

मग करावे काय? माझा आग्रह एका तत्त्वापुरता आहे : मजकूर साठविण्याचा मार्ग आणि तो दाखविण्याचा मार्ग यांची पूर्ण फारकत करावी, आणि जुन्या प्रणालीच्या पेटीतून परत आलेल्या मजकुराला मूळ मजकुराच्या जागी कधीही बसवू नये. मजकूर स्मृतीत रुंद वर्णांत व फाइलीत यूटीएफ-८ मध्ये ठेवावा. फाइल लिहिताना रूपांतरकाचे नाव स्पष्ट द्यावे, ‘स्थानिक’ रूपांतरकावर सोपवू नये. पेटीत मजकूर घालण्यापूर्वी तो कोड पेजात नेऊन परत आणून पाहावा; जुळला तरच पेटी संपादनास मोकळी ठेवावी, न जुळल्यास केवळ वाचनापुरती ठेवावी. प्रणालीचा रूपांतर-आदेश ठरीव वर्ण वापरावा लागला की नाही हे एका खुणेने सांगतो. ती खूण तपासण्यास एक ओळ लागते. शंका आल्यास प्रोग्रामने काम नाकारावे. नकार देणारा प्रोग्राम वापरणाऱ्याला त्रास देतो, पण त्याच्या हातून फाइल जाऊ देत नाही.

दाखविण्याची सोय मात्र पूर्णपणे बंद नाही. वर सांगितल्याप्रमाणे मजकूर रेखाटणारे ‘डब्ल्यू’ आदेश ९८ वरही खरे चालतात, त्यांना कोड पेजाच्या दारातून जावे लागत नाही. युनिकोड फॉन्ट असल्यास देवनागरी वर्ण पडद्यावर आणता येतात. पण देवनागरी ही वर्ण ओळीने मांडून होणारी लिपी नव्हे. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लेखनात आधी. रफार मागून पुढे जातो. जोडाक्षरे घडवावी लागतात. विंडोज २००० पासून हे काम युनिस्क्राइब नावाचा भाग रेखाटण्याच्या आदेशाच्या आतच करून देतो. ९८ वर त्या आदेशात ही मदत नाही, आणि लायब्ररी स्वतः ती जबाबदारी घेत नाही. ती टेक्स्टआउटवर विसंबते. परिणामी ‘किल्ला’ हा शब्द क, मग वेलांटी, मग ल, पायमोडके चिन्ह, पुन्हा ल असा विस्कटून येतो. वाचकाला ते चुकीचे वाटेल. तरीही ज्याला केवळ आपली सामग्री सुरक्षित आहे की नाही हे पाहावयाचे आहे, त्याला हे विस्कटलेले दर्शन प्रश्नचिन्हांच्या रांगेपेक्षा कितीतरी आश्वासक ठरते, कारण क्रमांक शाबूत असल्याची ती साक्ष आहे.

चाचणीसाठी कोणते शब्द घ्यावेत, याविषयी मराठी अभ्यासकाने थोडे अधिक दक्ष असावे. नुसते ‘नमस्कार’ लिहून पाहणे पुरेसे नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही जोडी घ्यावी. एकात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. दुसऱ्या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिलेला आढळतो : एक २३५३ क्रमांकाचा ‘ऱ’ व त्यापुढे हलन्त; दुसरी साधा र, हलन्त, आणि ८२०५ क्रमांकाचा अदृश्य जोडक. हा अदृश्य जोडक डोळ्यांना दिसत नसल्यामुळे मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या प्रोग्रामांचा तो नेहमीचा बळी असतो. तो गळाला की स्वयंपाकी आचार्यपदी चढतात, आणि ही चूक कोणताही वर्तनी-तपासनीस पकडू शकत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. इस्कीत हाच भेद हलन्तापुढे नुक्ता ठेवून दाखविला जातो. इस्कीवरून रूपांतर करणाऱ्याने ही खूण ओळखली नाही तर तोच घोटाळा उलट्या बाजूने होतो.

युनिक्सच्या बाजूविषयी थोडक्यात. तेथे कोड पेजाची जागा ‘लोकेल’ घेते. जीटीके १.२ वर उभारलेली बांधणी लोकेलच्या बाइटांवर अवलंबून असे. मार्च २००२ मध्ये आलेल्या जीटीके २ ने यूटीएफ-८ हाच आपला अंतर्गत संकेत ठरविला आणि अक्षरजुळणी पँगोकडे सोपविली, त्यामुळे देवनागरीचा प्रश्न तेथे पुष्कळ सुसह्य झाला. मराठीचे लोकेल तेथे यूटीएफ-८ खेरीज दुसऱ्या संकेतात मिळत नाही, हेही बरेच. धोका उरतो तो ‘सी’ या मूळ लोकेलमध्ये प्रोग्राम सुरू झाल्यास : मराठी नावांच्या फाइली वाचताना नावाचे रूपांतर फसू शकते. लायब्ररीत मराठीसाठी भाषा-स्थिरांक आहे म्हणून ती भाषा यंत्रावर आहे असे मात्र नव्हे. विंडोज ९८ वर ती नाहीच. आरंभीच्या आदेशाचे उत्तर तपासावे.

२.९ या विकास-शाखेत (पहिली आवृत्ती सप्टेंबर २००९) आणि तिच्यातून नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेल्या ३.० मध्ये दोन बांधण्यांचा हा द्वैतभाव बहुतांशी संपविण्यात आला. युनिकोड हाच नित्य मार्ग झाला, ‘डब्ल्यूएक्सटी’ चे आवरण सक्तीचे राहिले नाही, आणि मजकूर अंतर्यामी यूटीएफ-८ मध्ये ठेवण्याचा एक पर्यायही मिळाला. या पर्यायात शंभरावा वर्ण मागणे म्हणजे आरंभापासून मोजत जाणे होय. देवनागरीच्या मोठ्या फाइलींवर क्रमांकाने वर्ण उचलणारी जुनी आवर्तने त्यामुळे मंद होतात. पुढील शाखांतून ९५-९८ चा आधार काढण्यात आला. म्हणून त्या यंत्रांसाठी २.८ ची युनिकोड बांधणी थरासहित वापरणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

फॉन्टच्या युक्तीने लिहिलेली जुनी मराठी सामग्री असल्यास तिच्याशी याच यंत्रावर झगडू नये. ती मजकूर म्हणून उघडू नये. बाइट म्हणून वाचावी, बाइट म्हणून दुसऱ्या फाइलीत उतरावी, दोन्ही फाइलींची लांबी व बेरीज-पडताळा जुळतो की नाही ते पाहावे, सोबत मूळ फॉन्टचे नाव लिहून ठेवावे, आणि देवनागरी क्रमांकांत रूपांतर नव्या यंत्रावर, मूळ छापील प्रत शेजारी ठेवून करावे.